'लोकस्थिती' आणि 'प्रवासवृत्त' : पंडिता रमाबाईंच्या प्रवासलेखनातील 'मी'

पंडिता रमाबाईंचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ १८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात त्याचा उल्लेख बहुधा येतो. चर्चा मात्र क्वचितच होते. उल्लेखाचे स्वरूपही जवळजवळ ठरून गेलेले आहे. एका स्त्रीने लिहिलेले आरंभकाळातील परदेशवर्णन, माहितीपूर्ण, परंतु वाङ्मयीन दृष्ट्या काहीसे रूक्ष. प्रस्तुत लेखाचा विषय या वाक्यातील 'परंतु' हा आहे. हा 'परंतु' कोणत्या निकषावर उभा आहे, आणि तो निकष या ग्रंथाला लावणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

निकष कोणता, हे सांगणे कठीण नाही. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० मध्ये आले आणि तेथून मराठी प्रवासवर्णन खऱ्या अर्थाने ललित झाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गंगाधर गाडगीळांचे 'सातासमुद्रापलीकडे' (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) या पुस्तकांनी ही धारणा पक्की केली. प्रवासवर्णनात स्थळापेक्षा प्रवासी महत्त्वाचा, माहितीपेक्षा तिचा मनावर उमटलेला ठसा महत्त्वाचा, असा दंडक त्यातून तयार झाला. विसाव्या शतकातील लेखनाला तो शोभणाराही आहे. अडचण उद्भवते ती हा दंडक मागे नेऊन एकोणिसाव्या शतकातील लेखनाला लावल्यावर. आत्मनिष्ठ लेखन करण्याची मुभा त्या काळी प्रत्येकाला सारखीच होती असे आपण न बोलता गृहीत धरतो. तशी ती नव्हती. तरुण विधवेला, आणि त्यातही धर्मांतर केलेल्या विधवेला, ती तर नव्हतीच.

ग्रंथनामापासूनच आरंभ करू. 'लोकस्थिती' आधी आणि 'प्रवासवृत्त' नंतर, हा क्रम सहज पडलेला नाही. शिवाय शब्द 'वर्णन' नसून 'वृत्त' आहे. वृत्त म्हणजे घडलेल्याचा अहवाल. लेखिका स्वतःला निरीक्षकाच्या जागी ठेवते आणि वाचकाला प्रथम सांगते की, मी कोठे गेले हे दुय्यम. तेथील लोक कसे राहतात हे मुख्य. पदव्युत्तर वर्गात हा ग्रंथ शिकवताना विद्यार्थी हमखास विचारतात, 'पण यात रमाबाई कोठे आहेत?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एकट्या या ग्रंथात शोधून चालणार नाही.

रमाबाईंचे चरित्र वाचकांना परिचित असल्याने प्रवासापुरता तपशील पुरेसा आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई एप्रिल १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेले होते, भाऊ श्रीनिवास कलकत्त्याच्या वास्तव्यानंतर वारला होता आणि १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी यांचेही निधन झाले होते. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत. 'स्त्रीधर्मनीति' या १८८२ सालच्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला होता. एका मराठी स्त्रीचा परदेशप्रवास तिच्या स्वतःच्या मराठी पुस्तकाच्या पैशांवर व्हावा, या गोष्टीची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने ठळकपणे घ्यावयास हवी होती. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघात उतरावयाचे, हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवावयाचे आणि मोबदल्यात आपण इंग्रजी शिकून वैद्यकाकडे वळावयाचे, असा बेत होता. कानांनी दगा दिल्यामुळे वैद्यकाचा विचार सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी तेथे दुर्दैवी अंत झाला. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या, तेथे संस्कृतही शिकवले, आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला निघाल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे.

या प्रवासाचे रमाबाईंनी केलेले लेखन तीन ठिकाणी विखुरलेले आहे, आणि तिन्हींत 'मी' निरनिराळ्या रीतीने वावरतो.

पहिले लेखन म्हणजे १८८३ सालचे 'इंग्लंडचा प्रवास'. हे मुळात सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले पत्र; त्यांनी ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. बाप्तिस्म्यापूर्वीचे हे लेखन आहे. समुद्र, आकाश, वाटेतील बंदरे यांचे वर्णन त्यात आहे आणि प्रथमच समुद्र ओलांडणाऱ्या माणसाचे कुतूहलही आहे. तरीही पत्राचा खरा भार वर्णनावर नाही. आपण का गेलो याची कैफियत लेखिका मांडत आहे. पुण्यामुंबईत तिच्या जाण्याविषयी तर्कवितर्क चालू आहेत आणि त्यांना उत्तर देण्याची गरज तिला जाणवते. येथील 'मी' ठसठशीत आहे, पण तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे. आरोप ऐकल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. ललित प्रवासवर्णनातील निवांत, स्वतःत रमणारा 'मी' आणि हा 'मी' यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

दुसरे लेखन इंग्रजीत आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन, चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील आणि इतर यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. या पत्रांतील रमाबाई वादपटू आहेत. गळ्यातील क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतमध्ये का नसावीत, असे त्या विचारतात. लॅटिन ही त्यांच्या देशबांधवांच्या दृष्टीने कोणत्या अर्थाने अधिक पवित्र? शाकाहार सोडण्यास त्यांचा नकार आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांच्या शंका आहेत, आणि त्या दडपण्यास त्या तयार नाहीत. चेल्टनहॅममध्ये असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांनी त्यास हरकत घेतली, कारण तसे केल्यास मायदेशी त्यांच्या नावाला बाध येईल. त्यावर आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती सोपवण्यासाठी आपण एका धर्मातून दुसऱ्या धर्मात आलो नाही, या आशयाचे त्यांचे उत्तर आहे. कलकत्त्यात भर सभेत पंडितांसमोर बोललेल्या स्त्रीला हा आक्षेप किती विपरीत वाटला असेल!

प्रवासी मनाचा इतका जिवंत आलेख त्या काळच्या मराठीत दुसरा सापडणे कठीण आहे. पण तो मराठीत नाहीच. शिवाय तो प्रसिद्धीसाठी लिहिलेला नाही, आणि जपून ठेवला गेला तो जिच्याशी वाद झाला त्या सिस्टर जेराल्डीन यांच्यामुळे. मधूनमधून त्यांची स्वतःची टिप्पणीही आहे. रमाबाईंचा सर्वांत मोकळा 'मी' असा दुसऱ्याच्या संग्रहातून, दुसऱ्याच्या शेऱ्यांसह आपल्यापर्यंत येतो.

आता तिसऱ्या, म्हणजे प्रस्तुत ग्रंथाकडे वळता येईल. आरंभीच्या सागरप्रवासाच्या पानांत प्रवासिनी दिसते. हिवाळ्यातला अटलांटिक, बोटीवरचे दिवस, एका खंडातून दुसऱ्या खंडात जाण्याची अधीरता हे सारे तेथे आहे. त्यानंतर ती हळूहळू मागे सरते आणि अमेरिकेची राज्यव्यवस्था, घरे आणि राहणी, शिक्षण, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम अशी प्रकरणे सुरू होतात. आकडे येतात, संस्थांची वार्षिक वृत्ते येतात, कायद्यांची माहिती येते. ज्या तीन वर्षांत लेखिकेने स्वतः अनेक शहरांत भाषणे केली, बालोद्यान शिक्षणाची पद्धत अभ्यासली, १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे आपल्या नावाची साहाय्यक संस्था उभी करून घेतली आणि १८८८ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषदेत भाषण केले, त्या तीन वर्षांची रोजनिशी मात्र येथे नाही. पाच वर्षांच्या मनोरमेला १८८६ मध्येच वाँटेजला परत पाठवावे लागले होते. आईच्या मनात त्याने काय झाले हा या ग्रंथाचा विषय नाही.

असे का, याचे एक उत्तर ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या वर्षातच आहे. रमाबाई १८८९ च्या आरंभी मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी त्यांनी शारदा सदन उघडले. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली होती. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी असलेली ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे अभिवचन होते आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांचा पाठिंबा त्याच अटीवर होता. पुढे १८९३ मध्ये हा पाठिंबा काढून घेतला गेला, तो याच अटीच्या भंगाचा आरोप होऊन. अशा स्थितीत, १८८९ मध्ये, रमाबाईंनी 'माझा प्रवास' लिहावयाचा म्हटले तर काय लिहिणार? वाँटेज वगळून इंग्लंड सांगता आले नसते आणि बाप्तिस्मा वगळून वाँटेज सांगता आले नसते. विधवेच्या मुक्त संचाराचे रसभरित वर्णन केले असते तर सदनात मुली पाठवणाऱ्या पालकांचा धीर सुटला असता. त्यामुळे 'मी' मागे घेणे हा रुक्षपणा नव्हे; ती एक लेखनयुक्ती आहे. तिची किंमत लेखिकेने जाणूनबुजून मोजली, असे माझे मत आहे.

दुसरे उत्तर वाचकाच्या विश्वासाशी निगडित आहे. स्त्रीने 'मला असे वाटले' म्हटले असते तर तिचे वाटणे बाजूला सारणे सोपे होते. तिने 'इतकी विद्यालये, इतक्या विद्यार्थिनी, इतका निधी' म्हटले की त्याला उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. ज्यांना आपण नीरस म्हणून चाळून पुढे जातो ती कोष्टकवजा पाने तिच्या युक्तिवादाचा कणा आहेत. स्त्रियांच्या सार्वजनिक संस्थांविषयी, विशेषतः फ्रान्सिस विलार्ड यांच्या नेतृत्वाखालील मद्यपानविरोधी स्त्रीसंघाविषयी, जो तपशील येतो तो कौतुकासाठी नाही. स्त्रिया सभा भरवतात, हिशेब ठेवतात, निधी उभारतात आणि कायदा बदलून घेतात, हे एक चालते यंत्र उघडून दाखवावे तसे ती दाखवते. असे यंत्र आपल्याकडेही उभारता येईल, हे वाचकाने स्वतःच ताडावयाचे आहे.

येथे हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८३४ ते १८३६ या काळात अमेरिकेत हिंडून तिने १८३७ मध्ये तेथील समाजावर मोठा ग्रंथ लिहिला. तिनेही स्थलवर्णनापेक्षा संस्था, कायदे, गुलामगिरी आणि स्त्रियांची स्थिती यांवर भर दिला. योगायोग असा की, मार्टिनोलाही ऐकू कमी येई. ती कानाला कर्णा लावून संभाषण करी. दोन मंदश्रवणी प्रवासिनींनी अर्ध्या शतकाच्या अंतराने तोच देश पाहिला आणि दोघींनीही कानावर पडणाऱ्या बोलांपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या व्यवस्थेवर आणि कागदोपत्री पुराव्यावर भिस्त ठेवली. यातून सिद्धान्त काढण्याचा मोह आवरलेला बरा. तरी प्रवासवर्णनाचा एक निराळा वंश येथे दिसतो हे नाकारता येत नाही. त्या वंशात रमाबाईंना ठेवले की 'रूक्ष' हे विशेषण गळून पडते.

'मी' गेला म्हणून दृष्टिकोन गेला, असे मात्र नाही. तो तुलनेत उतरला आहे. अमेरिकेच्या प्रत्येक वर्णनामागे दोन देश न बोलता उभे असतात. एक हिंदुस्थान, तो तर उघडच. दुसरा इंग्लंड. ब्रिटिश अमलाखालील मराठी वाचकाला १८८९ मध्ये सांगितले जात आहे की, इंग्लंडच्या ताब्यातील वसाहतींनी एकदा ते जू झुगारले, राजावाचून राज्य चालवले आणि शंभर वर्षांत भरभराटीस आल्या. वेगळे भाष्य करण्याची गरज नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत राष्ट्रीय सभेचे पाचवे अधिवेशन भरले. त्यात प्रतिनिधी म्हणून बसलेल्या मोजक्या स्त्रियांत रमाबाई होत्या. वाँटेजच्या पत्रांत अधिकाऱ्यांच्या हुकमतीशी झगडणारी व्यक्ती आणि या ग्रंथात प्रजासत्ताकाची घडण समजावून देणारी लेखिका एकच आहे, हे ती पत्रे वाचल्याशिवाय कळत नाही.

ग्रंथ निर्दोष आहे असा दावा नाही. अमेरिकेतील काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय यांविषयी लेखिका स्पष्ट बोलते. स्त्रियांच्या आवळ कंबरपट्ट्यांवर आणि टोप्यांवरील पक्ष्यांच्या पिसांवर ती टीका करते, आणि त्या टीकेला खोचक धारही आहे. परंतु ख्रिस्ती धर्मादाय संस्थांविषयी लिहिताना तिची चिकित्सा सैल पडते. संस्थेचे उद्दिष्ट तेच तिचे फलित, असे तेथे कित्येकदा मानले जाते. कारखान्यांतून राबणाऱ्या अमेरिकन स्त्रीपेक्षा सभेत बोलणारी अमेरिकन स्त्री तिला अधिक दिसली, असेही म्हणता येईल. ज्यांच्या घरी ती उतरली त्यांच्या खिडकीतून तिने देश पाहिला. प्रत्येक प्रवाशाचे असेच होते, हे मान्य केले तरी मर्यादा ही मर्यादाच.

याच काळात रमाबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले होते. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' १८८७ साली फिलाडेल्फियात निघाले. ते अमेरिकन वाचकांसाठी हिंदू स्त्रीविषयी, आणि मराठी ग्रंथ मराठी वाचकांसाठी अमेरिकन समाजाविषयी. ही दोन पुस्तके समोरासमोर ठेवलेल्या आरशांसारखी वाचावयास हवीत. इंग्रजी पुस्तकातही लेखिकेचे आयुष्य तिने स्वतः सांगितलेले नाही. ते प्रास्ताविकात स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली सांगतात. आत्मकथा दुसऱ्याच्या तोंडी आणि विषय आपल्या हाती, अशी ही वाटणी आहे.

आनंदीबाई जोशी यांची स्थिती याच्या अगदी उलट आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघून ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचलेल्या या अठरा वर्षांच्या मुलीने प्रवासाचे पुस्तक लिहिले नाही. तिच्यामागे राहिली ती पत्रे, आणि निघण्यापूर्वी सेरामपूर येथे इंग्रजीत दिलेले भाषण. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्या भाषणातील आश्वासन. पत्रांत थंडी आहे, आजार आहे, जेवणाची आबाळ आहे, लुगडे कसे नेसावे याचा प्रश्न आहे, आणि दूरवरून जाब विचारणाऱ्या नवऱ्याला दिलेली उत्तरे आहेत. म्हणजे ललित प्रवासवर्णनाला हवा असलेला सारा 'मी' येथे भरभरून आहे. फक्त तो लेखिकेच्या स्वाधीन नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात तिचे निधन झाले. त्यानंतर त्या पत्रांतून काय निवडावयाचे हे बॉस्टनमध्ये कॅरोलाइन डॉल यांनी आणि मराठीत काशीबाई कानिटकरांनी ठरवले. काशीबाईंनी ते काम आस्थेने केले यात शंका नाही. पुढे श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने तो 'मी' घरोघर पोहोचवला. आज सामान्य वाचकाला आनंदीबाई ठाऊक असतात त्या कादंबरीकाराच्या शब्दांत, आणि तिची स्वतःची वाक्ये कोणती हे त्याला सांगता येत नाही. रमाबाईंनी 'मी' राखून ठेवला म्हणून त्या नीरस ठरल्या; आनंदीबाईंनी तो पत्रांत ओतला, आणि तो इतरांच्या ग्रंथांची सामग्री झाला.

रमाबाईंनी पुढे आत्मकथन लिहिले नाही असे नव्हे. १९०७ साली त्यांची 'साक्ष' इंग्रजीत प्रसिद्ध झाली. तीत बालपणीची पायी भटकंती आहे, दुष्काळ आहे, देवदर्शनासाठी देशभर केलेली वणवण आहे, कलकत्ता आहे. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेला आश्रम पाहून मनात काय उलथापालथ झाली तेही आहे. १८८९ च्या ग्रंथात ज्याची वाट पाहावी लागते तो अंतरंगाचा सारा इतिहास तेथे सलग सापडतो. अमेरिकेला मात्र त्या कथनात जेमतेम काही ओळी आल्या आहेत. जवळजवळ तीन वर्षांचा मुक्काम, हजारो मैलांचा रेल्वेप्रवास, पॅसिफिक ओलांडून जपान आणि हाँगकाँगमार्गे झालेले परतणे, हे सारे धर्मजीवनाच्या त्या कथेत गळून गेले आहे. रमाबाई आयुष्य लिहावयास बसल्या तेव्हा प्रवास बाहेर राहिला, आणि प्रवास लिहिला तेव्हा आयुष्य बाहेर राहिले होते.